मीडियाची पदवी घ्यावी, पण कर्ज काढून नाही

प्रश्न : ताई, मी बार्शीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. पुढे मास कम्युनिकेशन करायचं मनात आहे. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेत चौकशी केली तर दोन वर्षांची फी सहा लाखांवर जाते म्हणाले. शंभर टक्के प्लेसमेंट आहे, पण या आठवड्यात पंचवीस हजार भरून जागा पक्की करा, असा रोज फोन येतोय. वडील आडत दुकानात मुनीम आहेत. कर्ज काढावं लागेल. त्यांचं म्हणणं, बी.एड. कर, शाळेत लाग. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो, विद्यापीठात नुसती थिअरी शिकवतात, कॅमेरा-एडिटिंग मोबाईलवर फुकट शिकता येतं, पदवी कशाला हवी? माझं इंग्रजी कच्चं आहे. काय करू?

– एक वाचक, बार्शी

उत्तर : सगळ्यात आधी, ते पंचवीस हजार भरू नकोस. आज नाही, या आठवड्यात नाही, उद्या परत फोन आला तरी नाही. फोन करणाऱ्याला दोनच गोष्टी विचार. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांपैकी कोण कुठे नोकरीला लागलं याची यादी लेखी देता का? विद्यापीठाचं नाव सांगितलं तर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. नुसतं 'इंडस्ट्री सर्टिफिकेट' किंवा 'डिप्लोमा' असेल, तर पुढे नेट-सेट किंवा सरकारी जाहिरातीला अर्ज करताना त्याचा उपयोग होईल याची खात्री नाही. आणि मान्यता नसलेल्या संस्थेत एकदा भरलेले पैसे परत मिळवणं फार जड जातं. ज्या घरात मुनिमाच्या पगारावर सगळं चालतं, त्या घराला घाई करायला लावणारी माणसं तुझ्या भल्याचा विचार करत नाहीत.

आता मामेभावाकडे वळू. त्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. कॅमेरा धरणं, मोबाईलवर एडिटिंग, आवाज स्वच्छ करणं हे तू चार-सहा महिन्यांत नक्की शिकशील, आणि त्यासाठी कुणाला लाखो रुपये द्यायची गरज नाही. पण ज्याला तो 'नुसती थिअरी' म्हणतो, त्यासाठीच विद्यापीठात जायचं असतं. हे मला तुला नीट पटवायचं आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. तुझ्या गावातच उदाहरण आहे.

तुझ्या गावात नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. तुम्हा बार्शीकरांना ते रोजचंच, म्हणून कदाचित कुणी सांगितलं नसेल, पण १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कुणाला, कोणत्या प्रकारचा कर्करोग होतो, हे मोजायचं होतं. शहरात अशी नोंद मोठ्या रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. इथे खेड्यांतली माणसं रुग्णालयापर्यंत येतच नव्हती, तर कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, लक्षणं समजावून सांगायचे, कुणाला अंगावरून अवेळी जात असेल तर तपासून घ्या म्हणायचे, लागेल तिथे रुग्णालयात पोचायला मदत करायचे. काम मोजणीचं होतं. पण काही वर्षांत आकड्यांमध्येच एक वेगळी गोष्ट दिसायला लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या होत्या. १९९५ साली हे निष्कर्ष कर्करोगावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. यामागे ना टीव्हीवरची मोहीम होती, ना कुणी नट-नटी. ओळखीचं झालेलं माणूस पुन्हा पुन्हा दारात येऊन बोलत होतं.

हे असं का होतं, याचा शोध तुझ्या गावच्या कितीतरी आधी अमेरिकेत घेतला गेला होता. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या इरी परगण्यात त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटत राहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांची मतं थेट फिरवतात, असा त्या काळी समज होता. दिसलं ते वेगळंच. माध्यमांमुळे मत बदललेले फार थोडे निघाले. बहुतेकांवर परिणाम झाला होता तो ओळखीतल्या अशा माणसाचा, जो स्वतः वर्तमानपत्र वाचतो, रेडिओ ऐकतो आणि मग चारचौघांत बोलतो. याला द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धांत म्हणतात. एम.ए.च्या पहिल्या सत्रात हा तुला चार गुणांच्या टिपेसाठी येईल आणि बहुतेक मुलं तो पाठ करून विसरतील. तू विसरू नकोस. सरकारी आरोग्य खातं असो, पाणलोटाचं काम करणारी संस्था असो की बँक, जिथे जिथे लोकांपर्यंत काही पोचवायचं असतं तिथे पैसा फलकांवर घालायचा की माणसांवर, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर ज्याला देता येतं, तो नुसता व्हिडिओ कापणाऱ्यापेक्षा वेगळं काम करतो.

अजून त्याच रुग्णालयापाशी थांबू. १९९९ पासून टाटा मेमोरिअलच्या साथीने तिथल्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात फार मोठा प्रयोग केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. काही गटांत एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूची चाचणी, काहींत दुसऱ्या पद्धतीच्या तपासण्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरातल्या तपासणीच्या धोरणांत या निष्कर्षाचा आधार घेतला गेला.

आता तू विचार कर. काही दुखत-खुपत नाही, रोजगार बुडवून जायचं, आणि तपासणी अशी की जावेपाशीही बोलायला संकोच वाटावा. अशा हजारो बायकांना तिथपर्यंत आणायचं तर कोणी, कुठे, कोणत्या शब्दांत बोलायचं? सासू घरात असताना बोलायचं की नसताना? हे झालं संवादाचं शास्त्र.

पण त्याच प्रयोगाला दुसरी बाजू आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी केली गेली नव्हती. त्यांना माहिती दिली आणि नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडलं. भारतातल्या अशा चाचण्यांमधल्या या पद्धतीवर पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांत मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, तपासणी उपलब्ध असताना ती न देणं अन्याय आहे. दुसरी म्हणाली, त्या भागात मुळात तपासणी होतच नव्हती, तुलना केल्याशिवाय पुरावा कुठून येणार? इथे तुझं काम बदलतं. आता कुणाला पटवायचं नाही, विचारायचं आहे. त्या बायकांना काय सांगितलं होतं? त्यांच्या भाषेत सांगितलं होतं का? पुढे त्यांची तपासणी झाली का? हे झालं पत्रकारितेचं काम.

एकाच रुग्णालयाच्या दारात ही दोन कामं उभी आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पण एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही करू नयेत. ज्याची बातमी द्यायची त्याचीच प्रसिद्धी करून पैसे घ्यायचे, हा आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या माध्यमांना लागलेला खरा रोग आहे. तू अभ्यासक्रम निवडशील तेव्हा तुला यातलं काय करायचं आहे, ते स्वतःला विचार. आज उत्तर आलं नाही तरी चालेल. चांगल्या विभागात पहिल्या वर्षी दोन्ही शिकवतात.

कायदाही तिथेच शिकशील, आणि मोबाईलवर बातम्या चालवणाऱ्या किती जणांना तो माहीत नसतो हे पाहून मला काळजी वाटते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने गुन्हा आहे. नुसतं नाव छापलं नाही म्हणजे झालं असं नाही. शाळा, घराचा पत्ता, आईवडिलांचं नाव, घराच्या दाराचं चित्रीकरण, ओळख पटेल असं काहीही त्यात येतं. पीडित सज्ञान असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. एका उतावळ्या व्हिडिओने एखाद्या मुलीचं गावात राहणं अशक्य होतं. हे ज्ञान यूट्यूबवर मिळत नाही असं नाही, पण ते शोधायला हवं हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार कसा?

तर मग कुठे जायचं? तुला सगळ्यात जवळ सोलापूर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जनसंज्ञापनाचं, म्हणजे मास कम्युनिकेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि बार्शीहून आठवड्याला घरी येता येईल. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग आहे. मराठी पत्रकारितेत नाव काढलेली कितीतरी माणसं तिथल्या वर्गांतून गेली आहेत. त्याच विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा वेगळा विभाग आहे, तिथला भर निर्मिती आणि संशोधनावर जास्त. दोन्हीची माहिती वेगवेगळी घे, नावांमुळे मुलांचा गोंधळ होतो. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. खाजगी संस्थांतही काही खरोखर चांगल्या आहेत, पण कर्ज काढून जावं असं तुझ्या परिस्थितीत मी म्हणणार नाही. या व्यवसायातला सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. त्यातून सहा लाखांचे हप्ते फेडताना तू पहिल्याच वर्षी जाहिरात आणून देणारी नोकरी धरशील, आणि शिकलेलं बाजूला राहील.

माझा कल सांगायचा तर, पुण्याची प्रवेश परीक्षा दे, सोलापूरचा अर्जही भर. पुण्यात विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे, वसतिगृहासाठी अर्ज करता येतो, आणि शिष्यवृत्तीला पात्र असशील तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज भर. दाखले आत्ताच काढून ठेव. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. ऐनवेळी सेतू केंद्रावर रांग लावण्यात मुलांचं पहिलं सत्र जातं.

कोणत्याही विभागात अर्ज करण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. कार्यालयात माहितीपत्रक मिळेल ते घे, पण बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतील त्यांना विचार. नियमित प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मुलांचं सराव वृत्तपत्र निघतं का, शेवटचा अंक कधी निघाला? त्याची प्रत मागून घे आणि वाच. स्टुडिओची किल्ली मुलांना मिळते की पाहुणे आले की उघडतात? लिहिलेला मजकूर कुणी लाल खुणा करून परत देतं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी डेस्कवर आणि नंतर वर्गात जे पाहिलं त्यावरून सांगते, ज्या मुलांच्या मजकुरावर कुणीतरी बसून खुणा केल्या तीच पुढे टिकली. इमारत जुनी असली तरी चालेल, यंत्रं जुनी असली तरी चालेल. मजकूर वाचणारा मास्तर हवा.

इंग्रजीची भीती समजते. परंतु तू मराठीची पदवी घेतेस, ही तुझी जमेची बाजू आहे, हे आधी मनात ठाम कर. मराठी वृत्तपत्रांत, वाहिन्यांत, संकेतस्थळांवर शुद्ध, सरळ, कमी शब्दांत लिहिणारी माणसं कायम कमी पडतात. इंग्रजी तुला बोलून दाखवायला लागणार नाही, वाचून समजायला लागेल. वृत्तसंस्थांची इंग्रजी बातमी आली की पंधरा मिनिटांत ती मराठीत उतरवायची, न्यायालयाचा निकाल किंवा कॅगचा अहवाल उघडून त्यातला कामाचा परिच्छेद शोधायचा, एवढं जमलं पाहिजे. रोज एक इंग्रजी बातमी घे, ती मराठीत लिही, दुसऱ्या दिवशीच्या मराठी पेपरातल्या त्याच बातमीशी ताडून पाहा. वर्षभरात इतका फरक पडेल की तुझा तुलाच विश्वास बसणार नाही. आणि इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घे. रोमनमधून टाईप करून मराठी उमटवण्याची सवय लागलीय तुम्हा मुलांना. प्रवेशाला ती आड येणार नाही, पण डेस्कवर वेगाने काम करायचं तर इन्स्क्रिप्टला तोड नाही.

नोकरीबद्दल खोटी आशा लावणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदाराला बऱ्याचदा पगार नसतो, बातमीमागे मानधन असतं, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करायचं काम गळ्यात येतं. शहरातल्या वाहिन्यांत कंत्राट वर्षा-दोन वर्षांचं. रात्रपाळी असते. मुलींना नकोसे अनुभव येतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. इंटर्नशिपला गेलीस तरी पहिल्या दिवशी त्या समितीवर कोण आहे ते विचारून ठेव. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण वाटा वडिलांना वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यातली जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदं लोकसेवा आयोगातून भरली जातात, आणि तिथे पत्रकारितेचं शिक्षण धरलं जातं. आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांच्या चाचण्या होतात, तुला सोलापूर केंद्र जवळ. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात बायकांच्या बोलीत चालणारं सामुदायिक रेडिओ केंद्र कसं असतं, हे पाहायला एकदा तिथे जाच. रुग्णालयं, आरोग्य आणि शेतीतल्या संस्थांना गावात जाऊन बोलू शकणारी आणि नंतर ते नीट लिहू शकणारी माणसं लागतात. शिकवायची हौस असेल तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट देऊन महाविद्यालयात शिकवता येतं. वडिलांना तू शिक्षिका व्हायला हवी असशील, तर तीही वाट यात आहे.

वडिलांशी भांडू नकोस. त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या आहेत, पैसा किती कष्टाने येतो हे त्यांच्याइतकं त्या फोनवरच्या माणसाला माहीत नाही. ते बी.एड. म्हणतात त्यामागे सुरक्षिततेची ओढ आहे. मात्र त्यांना एक गोष्ट शांतपणे सांग. शिक्षक भरतीची टीएआयटी परीक्षा २०१७ साली झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं बी.एड. झालेली मुलं वाट पाहत होती. म्हणजे तीही वाट बिनधोक नाही. त्यांना हेही सांग की हे फॅड नाही, महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ पासून पत्रकारिता शिकवली जाते. आणि सरकारी विद्यापीठात फी किती, वसतिगृहाचा खर्च किती, हे कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव. मुनिमाला आकडे कळतात. सहा लाखांचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवलास की निम्मं बोलणं तिथेच संपेल. त्यांच्या समाधानासाठी बी.एड.च्या सीईटीचा अर्जही भरून ठेव, त्याने काही बिघडत नाही.

प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी एक काम आत्तापासून सुरू कर. वडिलांच्या मार्केट यार्डावर चार सकाळी जा आणि तुरीचा भाव कसा ठरतो त्यावर सहाशे शब्दांचा मजकूर लिही. सौदा कसा होतो, पट्टी कशी करतात, हमाली-तोलाई कुणाकडून कापली जाते, शेतकऱ्याच्या हातात शेवटी किती येतात. एका शेतकऱ्याशी, एका हमालाशी, एका खरेदीदाराशी आणि बाजार समितीच्या एका अधिकाऱ्याशी बोल. प्रत्येक आकडा दोघांकडून तपासून घे. वडील ज्या दुकानात आहेत ते दुकान मात्र वगळ, कारण तिथे तुझं मीठ आहे. लिहून झालं की मला पाठव, मी खुणा करून परत पाठवेन.